बोटांखालचा ठोका

"काकी, हे पाठीचं दुखणं नाहीच," सर्जन म्हणाले. "दुखणं पोटात आहे. पाठ नुसती ओरडतेय."

समोरच्या पडद्यावर आमच्या ह्यांच्या पोटाचे काळेपांढरे फोटो होते. सीटी स्कॅन म्हणजे पावाच्या चकत्या कापाव्यात तसे माणसाच्या अंगाचे आडवे आडवे फोटो. डॉक्टरांनी पेनाचं टोक एका करड्या डागाभोवती गोल फिरवलं आणि म्हणाले, पॅन्क्रियाज. मराठीत स्वादुपिंड. जठराच्या मागे, कण्याच्या पुढ्यात आडवं पडलेलं असतं. अन्न पचवणं आणि साखर सांभाळणं ही त्याची कामं. त्याच्यात गाठ झालेली. ती रक्ताच्या मोठ्या नळीला बिलगलेली, आणि लिव्हरवर ठिपके.

माझ्या शेजारी सून, प्रियांका. हे बाहेर बाकावर बसलेले, त्यांना अजून आत बोलावलं नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं, मला फोटोतलं काही कळत नाही, ती गाठ नक्की कुठे ते तुमच्या पोटावर दाखवा. तरुण माणूस, पण हसला नाही. शर्टावरून बोट ठेवून दाखवलं. बेंबीच्या चार बोटं वर, जरासं डावीकडे.

ती जागा मला ठाऊक होती. चार महिने रोज सकाळी माझा अंगठा तिथेच होता.

हे मी लिहितेय ते तुमच्यासाठी. घरात कुणाची पाठ, कुणाचा खांदा दुखत असेल आणि तुम्ही माझ्यासारखं चोळत बसला असाल, तर एवढं वाचा. मी सातवी शिकलेली बाई. नंतरचं वाचन सगळं ग्रंथालयातून पुस्तकं आणून आणून केलेलं. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी विचुंब्याची. माहेर शिरढोण. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आजूबाजूच्या पाच गावांत बेंबी बसवण्यासाठी प्रसिद्ध होत्या. नव्या लोकांना सांगते. जड उचललं, पाय चुकीचा पडला की बेंबी सरकते अशी आमच्याकडे समजूत. मग पोट दुखतं, जुलाब होतात, कंबर धरते. सकाळी अनशापोटी माणसाला उताणं निजवायचं, बेंबीवर अंगठा ठेवायचा. आत ठोका लागतो. तो बरोबर मधे लागला तर ठीक. वर, खाली, बाजूला लागला तर बेंबी सरकली. मग तेल लावून हळूहळू तो ठोका मधे आणायचा. नाहीच आला, तर पोटावर छोटी पणती ठेवून तिच्यावर तांब्या पालथा घालायचा, तांब्या पोटाला घट्ट धरतो.

सासूबाई गेल्यावर लोक माझ्याकडे यायला लागले. विचुंब्यात भाताच्या शेतांच्या जागी सात-सात मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी लोक येतच राहिले. लिफ्टने खाली उतरून, गाउनवर ओढणी घेऊन नव्या बायका यायच्या. मी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. पण खोटं कशाला सांगू, मान मिळायचा. काकीच्या हाताला गुण आहे, असं कानावर आलं की त्या दिवशी मला भाकऱ्या थापायचा कंटाळा येत नसे.

आमचे हे, बाळाराम, तरुणपणी मिठागरात होते. नंतर तीस वर्षं टेम्पो चालवला. अंगाने दणकट, तोंडाने तिखट. माझ्याकडे बायकांची रांग लागली की ओटीवरून म्हणायचे, "आमच्या घरात डॉक्टरीन हाय, पन चहा येलेवर नाय." यांना कधी ताप आला तरी गोळी घ्यायचे नाहीत. सुईला तर इतके भ्यायचे की टेम्पोचं लायसन काढताना डोळे तपासायला गेले तरी आधी विचारलं होतं, सुई मारनार काय.

गणपती झाले आणि ह्यांची पाठ दुखायला लागली. खांद्याच्या पात्यांच्या खाली, बरोबर मधोमध. जेवलं की वाढायची. उताणं निजलं की वाढायची. पोटाशी उशी घेऊन पुढे वाकून बसले की जरा थांबायची. ही खूण लक्षात ठेवा. पुढे वाकल्यावर बरं वाटणारी पाठदुखी नुसत्या पाठीची नसू शकते, हे मला नंतर कळलं.

मी सकाळी पोट बघितलं. ठोका वर लागला, बेंबीच्या चार बोटं वर, आणि इतका जोरात की माझा अंगठा हलत होता. एवढा ठोका मला कधी लागला नव्हता. मी म्हटलं, बेंबी पार वर चढलीय, टेम्पोचा टायर उचलला असणार. तेल लावून खाली ओढली. विचारलं, कसं वाटतं? म्हणाले, "हां, आता बरा वाटतं." दुसऱ्या दिवशी ठोका परत वर. परत ओढला. परत बरा वाटतं.

असे दिवस गेले. दिवाळीच्या सुमारास निलेश, आमचा मुलगा, जबरदस्तीने हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, मणक्यात झीज आहे, वयानुसार असतेच, गोळ्या घ्या, वजन उचलू नका. पोटाला कुणी हात लावला नाही, कारण पोट दुखतं असं आम्ही सांगितलंच नव्हतं. घरी येऊन मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, बघा, डॉक्टरही उचलू नका म्हणतात आणि मीही तेच म्हणते.

मधल्या काळात ह्यांची पँट ढिली झाली. रक्तात साखर निघाली, जी कधी नव्हती. मटणाचा वास नको म्हणायला लागले. हे सगळे धागे वेगवेगळे दिसत होते. वजन कमी झालं ते साखरेने, जेवण कमी ते वयाने, पाठ दुखते ती बेंबीने. प्रत्येकाला मी एक एक कारण देऊन मोकळी झाले.

पौषात प्रियांकाने विषय काढला. तिचा खांदा वर्षभर आखडला होता, तो पनवेलमध्ये तळ्याजवळच्या एका फिजिओथेरपिस्टने सोडवला होता, आणि सोडवला तो पोटाला हात लावून. सिझेरियनच्या जागी आतले पापुद्रे चिकटले होते म्हणे. मला आधी रागच आला. म्हटलं, घरचा हात सोडून परक्या बाईचा हात कशाला. मग वाटलं, चला, बघू तरी ही बाई काय करते. खरं सांगते, मी तिची परीक्षा घ्यायला गेले होते.

त्या एस्तर मॅडम. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. पनवेलच्या जुन्या ज्यू घराण्यातल्या. त्यांची बहुतेक माणसं इस्रायलला गेली, ह्या मागे राहिल्या. शुक्रवारी तीनच्या आत या, संध्याकाळपासून माझं बंद, असं फोनवर सांगितलं होतं. खोली साधी. एक उंच पलंग, एक खिडकी.

त्या जे करतात त्याला व्हिसरल मॅनिप्युलेशन म्हणतात. त्यांनी मला समजावून सांगितलं. पोटातला प्रत्येक अवयव आपल्या पिशवीत असतो, आणि श्वास घेतला की जरा जरा सरकतो. कुठे सूज आली, कुठे जुनं ऑपरेशन झालं की ती पिशवी आखडते आणि पाठीला, खांद्याला ओढते. दुसरं म्हणजे रेफर्ड पेन. आतल्या अवयवाच्या आणि पाठीच्या नसा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून दुखतं एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे. मी मनात म्हटलं, हे तर माझ्या सासूबाई शाळेत न जाता सांगायच्या. (हेही लिहिते: या हाताच्या उपचाराचा सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही. पुढे सर्जनना विचारलं तर ते म्हणाले, त्याला पक्का पुरावा अजून कमी आहे.)

ह्यांना निजवलं. उताणं निजवेना, तर पाठीखाली उशा दिल्या. मॅडमनी आधी बराच वेळ प्रश्न विचारले. वजन किती उतरलं, भूक कशी, लघवीचा रंग, शौचाचा रंग. माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही मी आयुष्यात हे विचारलं नव्हतं. मग पोटावर तळहात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी पुढे सरसावून सांगितलं, ठोका वर आहे बघा, बेंबी चढलीय, मी रोज उतरवते.

त्यांचा हात त्या जागेवर आला आणि थांबला. मग त्यांनी तो इतका अलगद उचलला, जसा झोपलेल्या बाळावरून उचलतात.

"काकी, आजपासून इथे दाबायचं नाही," त्या म्हणाल्या. "मीही आज काही करणार नाही. आत्ता सोनोग्राफी करून घ्या. सोमवारची वाट बघू नका."

हे उठून बसत म्हणाले, "सुई मारतात काय त्यात?"

मॅडम म्हणाल्या, नाही बाबा, जेल लावतात, गार लागेल तेवढंच. त्यांनीच सोनोग्राफीवाल्यांना फोन केला, चिठ्ठी लिहिली. घड्याळात चार वाजून गेले होते. शुक्रवार म्हणजे त्यांचा शब्बाथचा दिवा लावायचा दिवस, पण आम्ही जिना उतरेपर्यंत दारात उभ्या होत्या.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लाटांनी आतलं बघणं. तिथला डॉक्टर बराच वेळ एकाच जागी यंत्र फिरवत राहिला. पुढच्या आठवड्यात सीटी, आणि मग ते सर्जन, जिथून मी सुरुवात केली.

त्या दिवशी त्यांना मी दोन प्रश्न विचारले. ते लिहिते, कारण ते तुमच्याही मनात येतील.

पहिला, मी चोळलं म्हणून गाठ झाली का, पसरली का? ते म्हणाले, चोळल्याने अशी गाठ होत नाही. पोटातल्या गाठीवर दाबू मात्र नये. ठोक्याचं विचारलं तर म्हणाले, बेंबीच्या मागून शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी जाते, ठोका तिचा. माणूस वाळला की तो जास्त लागतो, आणि तिच्यावर गाठ बसली की ती गाठही त्याच्याबरोबर हलते. "तुमच्या बोटांना जे लागत होतं ते खरं होतं," ते म्हणाले. "तुम्ही त्याला नाव दुसरं दिलं."

दुसरा प्रश्न, चार महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "कदाचित ऑपरेशनचा विचार करता आला असता. कदाचित तेव्हाही नाही. हा आजार बहुतेक वेळा उशिराच सापडतो. कुणी तुम्हाला यातलं एक खात्रीने सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

त्या "कदाचित"वर मी पुढचे महिने काढले.

मग बायोप्सी झाली. तोंडातून नळी घालून गाठीचा तुकडा काढतात. मग कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलात किमोथेरपी, म्हणजे शिरेतून औषध. सुईला भिणारा माणूस दर पंधरा दिवसांनी खुर्चीत बसून हात पुढे करायचा आणि दुसरीकडे बघायचा. तिथल्या वेटिंग रूममध्ये लोक डबे घेऊन येतात, एकमेकांना विचारतात, तुमचं कुठलं? म्हणजे गाव नव्हे, अवयव. आमचं स्वादुपिंड म्हटलं की समोरचा माणूस आपला डबा पुढे करायचा.

आणि मी ह्यांना हात लावणं बंद केलं.

ठरवून नाही. हात पुढे जायचाच नाही. पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचा, हातात द्यायचा नाही. अंग पुसायला निलेश, पायाला तेल लावायला प्रियांका. अंगणात बायका आल्या की मी आतून सांगायला लावायचे, काकी घरी नाही. माझे हात मी पदराखाली धरून बसायचे, जसं काही त्यांनी कुणाचं काही चोरलंय.

दुखणं वाढलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सिलिॲक प्लेक्सस ब्लॉक केला. पोटाच्या मागे नसांचं एक जाळं असतं, तिथे मशीनमधून बघत औषध सोडतात, म्हणजे दुखण्याचा निरोप पाठीपर्यंत पोचत नाही. त्याने खूप आराम पडला. ज्यांना कुणाला लागेल त्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारा, आम्हाला उशिरा कळलं. मॉर्फिनच्या गोळीलाही घाबरू नका.

एप्रिलात एका दुपारी हे पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी खाली जमिनीवर तांदूळ निवडत होते. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"काय गो," म्हणाले, "मी अजून मेलो नाय. हात लावलास तर इटाळ व्हईल काय?"

मी सूप बाजूला ठेवलं. जे तीन महिने आत होतं ते बाहेर आलं. म्हटलं, तुम्हाला मीच अडकवून ठेवलं. रोज त्याच्यावरच अंगठा होता माझा. मला कळलं नाही आणि मी तुम्हाला कुठे जाऊ दिलं नाही. तुम्ही बरं वाटतं म्हणायचा आणि मी फुगून बसायचे.

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "बरा नव्हता वाटत."

मला कळेना.

"पयल्या आठ दिवसांत वाटला थोडा. मंग नाय. दाबलास की जास्तच दुखायचा. मी आपला बोलायचो बरा हाय."

का, असं मी विचारलं.

"ओटीवर चार बाया बसलेल्या असायच्या. घरच्या मानसाला गुन नाय आनि निघाली गावाचा बघायला, असा बोलल्या असत्या. तुझा हात खोटा कशाला पाडू?" मग जरा हसले. "आनि हास्पिटलात गेलो असतो तर सुई मारली असती."

हे ऐकून माणसाला काय वाटावं, तुम्हीच सांगा. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं असं कुणाला वाटेल. उतरलं नाही. ते दोघांत वाटलं गेलं, एवढंच. माझ्या मानासाठी हा माणूस चार महिने दुखणं गिळत होता, आणि मी त्याच्या तोंडाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर दात आवळलेले दिसले असते. मी अंगठ्याकडे बघत होते.

मी उठून पलंगावर बसले. पण हात कुठे ठेवायचा तेच कळेना. इतकी वर्षं ज्या हातांना दुसरं काही येत नव्हतं, त्यांना साधं ठेवायचंही सुचेना.

मी एस्तर मॅडमना फोन केला. रविवारी घरी आल्या, आपल्या स्कूटरवरून, जेवायला मात्र नको म्हणाल्या. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं त्यांनी. माझा हात धरून ह्यांच्या पाठीवर ठेवला, दोन पात्यांच्या मधे. म्हणाल्या, काहीही करायचं नाही. चोळायचं नाही, ओढायचं नाही, बरं करायचं नाही. श्वास घेतला की हात वर येईल, सोडला की खाली जाईल, तेवढंच. मला ते फार अवघड गेलं. बोटं आपोआप दाबायला जायची, मॅडम वरून टिचकी मारायच्या. हे म्हणाले, "मारा जरा जोरात. आयुष्यभर मला हिनं दाबून ठेवलाय."

त्यानंतर रोज दुपारी मी तसा हात ठेवून बसायचे. आता विचारायचे, कसं वाटतं, आणि वर म्हणायचे, माझ्यासाठी सांगू नका. कधी म्हणायचे दुखतंय, मग गोळीची वेळ बघायची. कधी म्हणायचे, हात गरम लागतोय, काढ. कधी म्हणायचे, राहू दे. ते खरं आहे हे कळायचं, कारण आधीच्या दोन्ही वेळी खरं सांगितलेलं असायचं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. इतकं खरं आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो.

श्रावणात गेले. घरीच, सकाळी, निलेश आणि प्रियांका जवळ असताना. माझा हात पाठीवर होता. श्वासाबरोबर वर आला, खाली गेला, आणि मग वर आला नाही. डॉक्टरांच्या आधी मला कळलं. या वेळी मी त्याला दुसरं नाव दिलं नाही.

मी सर्जनची आभारी आहे, त्यांनी मला खोटं समाधान दिलं नाही. त्या हॉस्पिटलातल्या सिस्टर, ज्या सुई टोचताना ह्यांना मिठागराच्या गोष्टी विचारायच्या, त्यांची. आणि एस्तर मॅडमची सगळ्यात जास्त. त्यांच्या हाताला काय गुण आहे ते मला ठाऊक नाही. पण तो कधी उचलायचा हे त्यांना कळतं, आणि इतक्या वर्षांत मला ते कुणी शिकवलं नव्हतं.

बेंबी मी आता बसवत नाही. तरी बायका येतात. मागच्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमधली रेश्मा आली, उजवा खांदा आणि पोटाची वरची बाजू धरून. तळलेलं खाल्लं की दुखतं म्हणाली. मी सांगितलं, दाबणार नाही. ती रडवेली झाली. काकी, नुसता हात तरी ठेवा, तुमच्या हाताने बरं वाटतं. मी पाठीवर हात ठेवला. पाच मिनिटांनी विचारलं, कसं वाटतं?

"बरं वाटलं काकी," तिने लगेच सांगितलं.

या खेपेला मी तिच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, "खरं सांग गो. मला वाईट नाय वाटणार."

तिने खाली बघत मान हलवली. नाही.

मी तिचं डोकं कुरवाळलं, आत जाऊन साडी बदलली आणि तिला घेऊन रिक्षाने सोनोग्राफीला गेले.